मांजरपाटाची गाडी

"आमच्या बाबांनी घर भाड्याने घेतलंच नाही. त्यांनी पार्किंग भाड्याने घेतलं, त्याच्यावर तीन खोल्या मोफत मिळाल्या. गृहप्रवेशाच्या दिवशी आई देव घेऊन उतरली आणि बाबा पार्किंगमध्येच राहिले. त्यांना पहिल्यापासून आईपेक्षा गाडीच प्यारी!"

हे निवेदन माझे चिरंजीव श्रीरंग यांचे आहे. बारसे असो, मुंज असो, साखरपुडा असो, पंगतीत जिलबीचा आग्रह सुरू झाला की श्रीरंगांचे हे निवेदनही सुरू होते. ऐकणारे हसतात. मी त्या वेळी बहुधा मठ्ठा पीत असतो, म्हणून गप्प राहतो. आणि माझे गप्प राहणे म्हणजे कबुली, असा सोयीस्कर अर्थ आमच्या नात्यागोत्यात रूढ झाला आहे. तो मोडून काढणे आता भाग आहे. वरील चार वाक्यांत एकंदर पाच चुका आहेत. चार मी जाता जाता दुरुस्त करीन. पाचवी शेवटी.

प्रथम माझा अधिकार सांगतो. वसई पूर्वेला वालीवमधील एका ओतकामाच्या कारखान्यात मी चौतीस वर्षे पॅटर्नमेकर होतो. लोखंडाची जी वस्तू ओतायची, तिचा आधी लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात लोखंडाचा तापलेला रस ओततात. रस निवताना आटतो, म्हणून नमुना वस्तूपेक्षा केसभर मोठा ठेवायचा असतो. तो केस किती जाड, हे ज्याला कळते तो पॅटर्नमेकर. ज्याला कळत नाही तो सुतार. (सुतारांनी रागावू नये. माझे सासरे सुतार होते, आणि ते रागावत असत.) चौतीस वर्षांत माझा एकही नमुना परत आला नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे.

आता घटना. आमची तीन मजली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. त्या इमारतीच्या आवारात, बदामाच्या झाडाखाली, आमची पांढरी गाडी बावीस वर्षे उभी होती. तेथे आखलेली रेघ नव्हती, क्रमांक नव्हता, की पाटी नव्हती. पण ती जागा माझी आहे हे मांजरांनासुद्धा ठाऊक होते. पावसाळ्यात सारे आवार भिजायचे, आणि मी गाडी बाहेर काढली की खाली नेमका तिच्या आकाराचा कोरडा तुकडा उरायचा. जणू गाडी निघून गेली आणि सावली मागे राहिली! दर रविवारी सकाळी त्या कोरड्या तुकड्याभोवती मांजरे जमायची, आणि आम्ही दोघे वटार गावाकडे निघायचो: केळी, वांगी, कोवळी मुळ्याची पाने. डावीकडच्या काचेला कोपर टेकून आमची सुलभा बसलेली. तिने गाडी चालवण्याचा परवाना कधीच काढला नाही. पण गाडी बावीस वर्षे तीच चालवत होती. "अहो, म्हैस." "दिसली." "अहो, ती म्हैस उजवीकडे बघतेय." अशी प्रत्येक म्हशीची मनःस्थिती मला वेळेवर कळत असे.

इमारत रिकामी करण्याची नोटीस आली, आणि त्याच रविवारी श्रीरंग बोरिवलीहून आले. सोबत सूनबाई, अदिती.

"बाबा, गाडी विकून टाका," ते म्हणाले. "आणि दोघं या आमच्याकडे. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे."

"तुझ्या इमारतीत गाडी लावायला जागा आहे?"

"म्हणून तर म्हणतोय, विका!"

"मग मीही तिथे मावणार नाही."

"बाबा, तुम्ही माणूस आहात."

"गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत. आम्ही एकत्र येतो."

बराच वाद झाला. (अदितीने मध्ये दोनदा चहा केला. दुसरा चांगला होता.) शेवटी श्रीरंगांनी अट घातली: महिना संपायच्या आत वसईतच भाड्याचे घर, लिफ्टसह, आणि गाडीला डोक्यावर छप्पर असलेले चांगले पार्किंग मिळाले, तर आम्ही आणि गाडी वसईत राहू. न मिळाल्यास एक तारखेला गाडी भंगारवाल्याकडे आणि आम्ही बोरिवलीला. मी सुलभेकडे पाहिले. ती डावा पाय समोर मोड्यावर ताठ ठेवून भाजी निवडत होती. तिचा तो गुडघा अलीकडे वाकायला तयार नसे, आणि रिक्षाची पायरी तर त्याला मुळीच मान्य नव्हती. ती म्हणाली, "वटारची वांगी बोरिवलीत मिळतील का रे?" श्रीरंग म्हणाले, "ऑनलाइन मिळतात आई."  तिने हातातले वांगे जरा जोरातच चिरले.

शोध सुरू झाला. आमचा दलाल बंटी. वय चाळीस, नाव बंटी. त्याच्या लेखी जगात वाईट पार्किंग नव्हतेच.

"अंकल, एकदम मस्त पार्किंग आहे."

"कुठे?"

"हे काय, समोर."

"ही गटारावरची लादी आहे."

"हां, पण सावली बघा ना!"

सावली शेजारच्या चायनीजच्या गाडीला बांधलेल्या ताडपत्रीची होती. दुसऱ्या ठिकाणी पार्किंग होते, छप्परही होते. पण गाडी आत नेल्यावर मागचा अर्धा भाग शेजारच्या सोसायटीत राहत होता. "ते लोक चांगले आहेत अंकल, ॲडजस्ट करतात," बंटी म्हणाला. तिसऱ्या ठिकाणी त्याने जागा अंगाने मोजली, स्वतः आडवा पडून! "मी पावणेसहा फूट. दोन बंटी आणि वर थोडं. तुमची गाडी दोन बंटीची असेल ना?"

त्याच दिवशी मी ठरवले की हे काम असे व्हायचे नाही. येथे नमुना हवा. आणि नमुना कसा असावा, हे बदामाखालच्या त्या कोरड्या तुकड्याने मला बावीस वर्षे दाखवून ठेवले होते.

मी बाजारातून मांजरपाटाचे जाडेभरडे कोरे कापड आणले. दोन दिवस बादलीत भिजत घातले, वाळवले, इस्त्री केली. मग गाडीवर पसरून, खडूने आखून, कात्रीने कापले. आरशांचे दोन कान काढले. चाकांच्या जागी कोळशाने चार गोल काढले. दार पुरते उघडल्यावर जेवढी जागा लागेल तेवढा तुकडा स्वतंत्र कापला आणि शिलाईसाठी सुलभेकडे दिला. तिने मशीनवर जोडला, कडेला दुमड घातली. शिवताना तिने मान वर करून मला काहीतरी विचारले. मी म्हणालो, "नमुना मी काढलाय." ती पुढे शिवू लागली.

"बाबा, मीटरपट्टी नावाची वस्तू असते," श्रीरंग फोनवर म्हणाले.

"मीटरपट्टी लांबी सांगते. बसते की नाही, ते नमुना सांगतो."

यानंतर जवळजवळ वीस दिवस मी वसई-विरारमधील इमारतींच्या तळाशी मांजरपाटाची गाडी पसरत हिंडलो. एव्हरशाईन सिटीपासून सुरुवात केली आणि पश्चिमेला सरकत गेलो. कामाची वाटणी स्पष्ट होती: वरचे घर सुलभा बघणार, खालचे मी. (मी घर पाहिलेच नाही, असे जे पसरवले जाते त्यात एवढेच तथ्य आहे. नवराबायकोंपैकी एकाने पाहिले म्हणजे दोघांनी पाहिले, असा विवाहाचा अर्थ मी समजत होतो.) ती लिफ्टने खाली येऊन अहवाल देई: "हॉल बरा आहे, पण मोरीचं दार उघडलं की ओट्यावरचा गॅस विझेल." मी माझा अहवाल देई: "मागचे डावे चाक खांबात जाते." मग आम्ही दोघे बंटीकडे बघायचो आणि बंटी आकाशाकडे.

अडचणी आल्या. एका इमारतीत मी कापड पसरून गुडघ्यावर बसलो होतो आणि रखवालदार टोपी काढून डोके खाजवत बाजूला उभा होता. लिफ्टमधून एक बाई बाहेर आल्या. पांढरे कापड, खाली मान घातलेला वृद्ध, टोपी काढलेला रखवालदार! त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि बंटीला हळूच विचारले, "कोण गेलं?"

"कोणी नाही आंटी, अंकल बघतायत."

"बघवत नसेल हो त्यांना."

मी उठेपर्यंत चारजण जमले होते, आणि एका सद्गृहस्थाने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारले, "किती वाजता काढणार?" मी गाडीच्याच विचारात होतो. म्हणालो, "एक तारखेला." ते दोन पावले मागे सरकले.

दुसऱ्या एका ठिकाणी पोरांनी कापडावर रांगेने मांडी घातली आणि "वाढा, वाढा" म्हणून ओरडू लागली. आणखी एका ठिकाणी बाकावर बसलेल्या एका म्हातारबाईंनी चष्मा वर करून माझ्या चौतीस वर्षांच्या अनुभवाचे निरीक्षण केले.

"काय ओ ते? हत्तीचं झबलं?"

"गाडीचा नमुना आहे, आजी." (मी त्यांच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी लहान असेन.)

"झबलंच दिसतंय. पन एकच बाही लावली. दुसरी कुटं हाय?"

अडाणी टीकेला उत्तर द्यायचे नाही, हा माझा नियम. मी कापडाची घडी केली आणि बाहेर पडलो.

महिना संपायला चार दिवस उरले. सुलभा आता भांड्यांची खोकी बांधताना दोन ढीग करू लागली होती: एक वसईचा, एक बोरिवलीचा. मी ते पाहिले नाही असे दाखवले, आणि मी ते पाहिले हे तिला कळले नाही असे तिने दाखवले. बदामाखालच्या गाडीवर पाने पडली होती. ती मी झाडली, आणि पुन्हा पडली, तेव्हा पुन्हा झाडली.

आणि तेव्हा पास्कल मास्तर भेटले. हे वटारचे. शाळेतून निवृत्त झालेले, आता केळीची बाग बघणारे. वसई पश्चिमेला त्यांचा एक फ्लॅट रिकामा होता. ते स्वतः किल्ली घेऊन आले, सोबत बागेतली केळी वाळवून केलेल्या सुकेळीचा पुडा. घरच्यांशी ते फोनवर त्यांच्या बोलीत बोलले, ती मला निम्मीच कळली; आमच्याशी मात्र शाळेतले मराठी.

"भाऊ, आधी वर चला, घर बघा."

"आधी खाली," मी म्हणालो.

जागा खांबांखाली होती, फरशी सपाट, डोक्यावर स्लॅब. उजवीकडे भिंत. डावीकडे लिफ्ट. मी मांजरपाट पसरले. भिंतीच्या बाजूने कड नेमकी टेकली. मागची कड रेघेवर. दाराचा तुकडा डावीकडे उलगडला आणि त्याचे टोक लिफ्टच्या उंबऱ्यापासून तीन पावलांवर येऊन थांबले. मी ती तीन पावले स्वतः चालून पाहिली. मग पाय ताठ ठेवून पुन्हा चालून पाहिली. मास्तर म्हणाले, "लागलं का काही पायाला?"

वरून सुलभा आली. "स्वयंपाकघरात दोघं उभे राहिलो तर एकाने श्वास घ्यायचा."

"लिफ्ट कशी आहे?"

"लिफ्ट छान आहे. हॉलपेक्षा मोठी."

"मास्तर," मी म्हणालो, "घर आवडले."

मास्तर हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. ती अजून कुलपाला लागायची होती. सुलभा शेजारचा तसाच फ्लॅट बघून आली होती! ('पार्किंग भाड्याने घेतलं' या आरोपाचा उगम हा. परंतु करारनाम्यात 'तीन खोल्या व एक पार्किंग' असाच क्रम आहे, खोल्या आधी. ज्याला शंका असेल त्याने वाचावे.)

एक तारीख उजाडली. गुरुजींनी गृहप्रवेशाचा मुहूर्त काढून दिला होता, अकरा चाळीसपर्यंत. जोडप्याने मिळून उजवे पाऊल आत टाकायचे, देव ठेवायचे, दूध उतू घालायचे. ताफा असा निघाला: पुढे आमची गाडी, मी चालक, डावीकडे सुलभा, तिच्या मांडीवर रेशमी रुमालात देव. मागे सामानाचा टेम्पो, त्यात श्रीरंग व अदिती. नव्या सोसायटीतले लोक गॅलरीत आले होते. मी गाडी वळवली आणि एका दमात, एकदाही मागेपुढे न करता, त्या जागेत अशी सरकवली, जणू खणात ड्रॉवर जावा! खांबाजवळ उभ्या पास्कल मास्तरांनी टाळी वाजवली.

सुलभेने दार उघडले. पूर्ण. पाय ताठ बाहेर काढला, जमिनीवर टेकला, आणि देव छातीशी धरून ती अशी उभी राहिली, जणू पालखीतून उतरली असावी. तीन पावलांवर लिफ्ट. तिने मागे वळून म्हटले, "चला."

मी माझे दार उघडले.

दार चार बोटे उघडले आणि भिंतीला लागले.

मी बंद केले, पुन्हा उघडले. चार बोटे. भिंत तीच होती. चौतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस अशा वेळी घाबरत नाही. गाडी मागे घेऊन जरा बाहेर उभी करावी आणि उतरावे, इतके सोपे. मी आरशात पाहिले. आरशात टेम्पो होता. तो माझ्या मागच्या बंपरला टेकल्यासारखा उभा होता, चाकाखाली दगड लावलेला, आणि हमालांनी आमचे लोखंडी कपाट अर्धे बाहेर काढून तिरके ठेवले होते.

"टेम्पो मागे घ्या!"

"काका, कपाट निम्मं बाहेर आहे," टेम्पोवाला म्हणाला. "खाली केल्याशिवाय हलवता नाय येनार. मागं शाळेची बस पन लागलीय."

"अहो, अकरा चाळीस," सुलभा म्हणाली.

"डाव्या दाराने या ना बाबा!" श्रीरंग.

मी डावीकडे सरकलो. उजवा पाय उचलला. मध्ये गिअरचा दांडा. त्याच्या मागे हातब्रेक. एक पाय पलीकडे गेला, दुसरा स्टीअरिंगखाली अडकला, आणि तोल सावरायला मी कोपर टेकले ते हॉर्नवर. त्या हॉर्नची ती एक सवय होती: एकदा दाबला की थोडा वेळ स्वतःच्या मनाने वाजत राहायचा. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. सेक्रेटरी धावत खाली आले.

"काय झालं? कोण आहेत हे?"

"नवे भाडेकरू," मास्तर म्हणाले.

"मग वर का जात नाहीत?"

"जातील. सध्या बाहेर येतायत."

मी परत माझ्या आसनावर बसलो, कारण निम्म्यात राहण्यापेक्षा पूर्ण अडकणे अधिक शोभून दिसते. काच खाली केली. सेक्रेटरींनी उघड्या डाव्या दारातून भाडेकरू-माहितीचा फॉर्म आत सरकवला. मी स्टीअरिंगवर ठेवून तो व्यवस्थित भरला.

"अकरा पंचवीस," सुलभा म्हणाली. तिने देव दोन्ही हातांत धरलेलेच होते. खाली ठेवायचे नव्हते आणि माझ्याशिवाय वर जायचे नव्हते.

"आई, तू जा ना वर! बाबा येतील मागून," श्रीरंग म्हणाले.

"जोडीने जायचं असतं."

"अगं, पण जोडी अडकलीय!"

"मग मी पण अडकलेय," ती म्हणाली आणि माझ्या बॉनेटपाशी उभी राहिली.

तेव्हा पास्कल मास्तरांनी घसा साफ केला. "वहिनी, एक बोलू? तुमच्या रीतीभातीत मी पडणार नाही. पण हा पार्किंगचा तुकडा करारात आहे. म्हणजे हेसुद्धा तुमचंच घर. इथेच केलं तर?"

 अदितीने टेम्पोतून शेगडी आणि सिलिंडर काढायला लावला. (सिलिंडर कपाटाच्या पुढे होता. नशीब!) लिफ्टच्या दारापाशी शेगडी मांडली. देव बॉनेटवर, रेशमी रुमाल अंथरून. सुलभेने उजवे पाऊल रेघेच्या आत टाकले आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही पण टाका."

"कुठे?"

"ॲक्सिलरेटरवर नको! जरा उजवा पाय उचलून खाली ठेवा."

मी उचलून ठेवला. अकरा छत्तीसला दूध उतू गेले. मास्तरांनी हळूच क्रूसाची खूण केली आणि सुकेळीचा पुडा नैवेद्यासाठी पुढे केला. सुलभेने डाव्या दारातून हात लांबवून साखरदुधाचा चमचा आत दिला. तो माझ्या ओठांपर्यंत येताना अर्धा सांडला, अर्धा गोड लागला. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारले, "नवी गाडी घेतली का हो?" श्रीरंग ओरडले, "गाडी जुनीच आहे! घर नवीन आहे!"

टेम्पो रिकामा व्हायला एक वाजून गेला. तोवर मी खिडकीतून सामान लावण्याच्या सूचना दिल्या, त्या कोणी ऐकल्या नाहीत; आणि इमारतीतले बहुतेक सगळे रहिवासी येताजाता खाली वाकून माझी ओळख करून घेऊन गेले. पहिल्याच दिवशी एवढा जनसंपर्क दुसऱ्या कोणत्या भाडेकरूचा झाला असेल, असे मला वाटत नाही. 'बाबा पार्किंगमध्येच राहिले' हे विधान यास्तव अतिरंजित आहे. राहिलो नाही. सुमारे पावणेदोन तास थांबलो.

त्यानंतर जन्माला आलेल्या कथांचा आता समाचार घेतो. आमचे पुण्याचे मेहुणे माधवराव सांगतात की मांजरपाट धुतल्यावर आटले, म्हणून माप चुकले. अहो, ज्या माणसाने चौतीस वर्षे लोखंडाला आटण्याची सूट दिली, तो मांजरपाटाला देणार नाही? दोन दिवस बादली अडली होती. मोरीत नळाखाली वाकून मी अंघोळ केली आहे! अदिती सांगते की माप बरोबर होते, बाबांचे पोट वाढले. चार बोटांच्या फटीतून सपाट पोटाचा माणूस तरी बाहेर येतो का, हे तिने स्वतः करून दाखवावे. आणि सोसायटीत असे बोलतात की काकांना एका दमात गाडी लावता येत नाही, ते रोज दोनदा लावतात.

दोनदा लावतो, हे खरे आहे. त्याचे कारण सांगतो. मी आधी गाडी सरळ आत घेतो. डावे दार लिफ्टकडे येते. सुलभा उतरते, तीन पावले चालते, लिफ्टचे दार लागते. मग मी गाडी बाहेर काढतो, फाटकापाशी वळवतो आणि उलटी आत घेतो. आता उजवे दार लिफ्टकडे येते, आणि मी उतरतो. बाहेर जाताना हेच सारे उलट क्रमाने. रखवालदाराने पहिल्याच आठवड्यात सुचवले होते, "काका, माँजीको गेटपर उतार दो ना!" फाटकापासून लिफ्टपर्यंत चालण्याच्या वाटेवर उताराची घसरडी फरशी आणि दोन पायऱ्या आहेत, हे त्याला मी समजावून सांगितले नाही. पॅटर्नमेकर नमुना देतो, भाषण देत नाही.

आता तीन वर्षे संपली. जुन्या जागेवर नवी इमारत उभी राहिली आहे, बदाम गेला. तेथे यंत्राचे पार्किंग आहे: माणसांनी बाहेर उतरायचे आणि गाडी एकटीने पाळण्यात बसून वर जायची! पुढच्या महिन्यात आम्ही परत जाऊ. गेल्या रविवारी आम्ही वटारला पास्कल मास्तरांच्या बागेत निरोपाचे जेवण जेवून आलो. येताना सुलभा म्हणाली, "त्या तीन पावलांची सवय झाली हो." मी म्हणालो, "म्हैस." रस्त्यावर म्हैस नव्हती.

काल खोकी बांधायला श्रीरंग आले आणि त्यांना कपाटात तळाशी मांजरपाट सापडले. त्यांनी ते हॉलमध्ये पसरले आणि अदितीला निवेदन ऐकवायला सुरुवात केली: "घर नाही, पार्किंग..." सुलभा दारात उभी होती. ती हसत नव्हती. म्हणाली, "तेव्हा शिवताना मी ह्यांना विचारलं होतं, 'आणि तुमचं?' तर म्हणाले, नमुना मी काढलाय."

श्रीरंग थांबले. खाली कापडाकडे बघू लागले. मी तेवढ्यात चष्मा शोधण्यासाठी आतल्या खोलीत गेलो. (चष्मा नाकावर होता.)

माझा एकही नमुना परत आला नाही, असे मी वर लिहिले आहे. एक आला. गाडीला चालवणाराही लागतो, आणि त्यालाही शेवटी उतरावे लागते, ही बारीक बाब नमुना काढताना माझ्या ध्यानातून पार गेली होती. तेवढ्यावर ज्याला हसायचे असेल त्याने पोटभर हसावे. पण 'आईपेक्षा गाडी प्यारी' हे वाक्य पुढच्या पंगतीत उच्चारण्यापूर्वी श्रीरंगांनी ते मांजरपाट पुन्हा एकदा पसरून बघावे. त्याला आरसे दोन आहेत, चाके चार आहेत, आणि दार एकच आहे. डावे.